गोठ्यातलं पारायण

सहादेव आप्पांना मनातल्या मनात वाचता येत नाही. अडाणी नव्हेत हं, चांगले सातवी पास आहेत! श्रावणात वस्तीवरच्या देवळात पोथी लागली की वाचायला बसायचा मान वर्षानुवर्षं त्यांचाच. आवाज असा, की वीज जाऊन माइक बंद पडला तरी पार मागं भिंतीला टेकून डुलक्या काढणाऱ्या म्हातारीला शब्द न् शब्द ऐकू जावा. पण वाचायचं म्हटलं की तोंड उघडायचंच. खताच्या गोणीवरची सूचना असो नाहीतर लग्नाची पत्रिका, आप्पा ती पोथीच्या चालीत म्हणणार, वाक्याच्या शेवटी सूर वर नेऊन. मिरजगावच्या बाजारात एकदा त्यांनी फवारणीच्या औषधाची बाटली अशी काही वाचली, की शेजारच्या बाईनं सवयीनं हात जोडले.

बायकोची, मुक्ताबाईची, याबद्दल कधी तक्रार नव्हती. ती शाळेची पायरी चढलेली नव्हती. तिचं सगळं वाचन नवऱ्याच्या तोंडानं व्हायचं, म्हणून नवरा मोठ्यानं वाचतो हे तिच्या सोयीचंच होतं. तिचं दुखणं वेगळं होतं. वाचताना एवढा घुमणारा हा माणूस रागावला की एकदम मुका व्हायचा. शिवी नाही, मारणं नाही, काही नाही. नुसता अबोला. दोन दिवस, चार दिवस, एकदा तर लेकीची दहावीची अख्खी परीक्षा होईपर्यंत. गावात लोक म्हणायचे, सहादेव म्हणजे देवमाणूस, तोंडातून वावगा शब्द नाही. आता शब्दच नाही तर वावगा कुठून येणार, हे मुक्ताबाईनं गावाला कधी सांगितलं नाही. आपलेच दात अन् आपलेच ओठ.

तर ही लेक म्हणजे रुपाली. सत्ताविशीची. सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला होती, मैत्रिणीबरोबर खोली करून राहायची. पोरगी हुशार, हाताला चलाख, आणि जीव लावायची तो असा की समोरच्याला जड व्हावा. पण तिच्या मनाचा ठाव कुणाला लागला नाही. सकाळी आई देवासारखी, संध्याकाळी तीच आई वैरीण. कुणी फोन उचलला नाही तर हिला वाटायचं, आपल्याला टाकलं. मग रडारड, भांडणं, नाही नाही ते बोलणं, आणि नंतर स्वतःलाच बोल लावत बसणं. गेल्या थंडीत अशाच एका भांडणानंतर तिनं खोलीत स्वतःला इजा करून घेतली. मैत्रीण रेश्मा वेळेवर आली म्हणून निभावलं. तेव्हापासून रुपाली घरी होती, गोळ्या घेत होती आणि दर गुरुवारी एसटीनं नगरला धनश्री मॅडमकडे जात होती.

धनश्री मॅडम समुपदेशक. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. मुक्ताबाईच्या जिभेला ते काही वळलं नाही. तिनं एवढंच गाठीला बांधलं की हा खोडसाळपणा नव्हे, दुखणं आहे, आणि ते हळूहळू उतरतं. “ती कामाला परत जाईल, जायलाच हवं,” मॅडम म्हणाल्या होत्या, “पण ठरवून, नीट बोलून. रागाच्या भरात उठून एकटी गेली, तर मात्र मला काळजी वाटते.” त्या दिवसापासून मुक्ताबाईचा जीव या एका वाक्याला टांगलेला होता. रुपालीनं नुसती चप्पल घातली तरी ती दारात येऊन उभी राहायची.

मॅडमनी आप्पांच्या हातात एक पुस्तकही दिलं. आजारी माणसाच्या घरच्यांनी कसं वागावं याचं.

“आजार रेड्याला आन् औषध पखालीला,” स्टँडवर आल्यावर आप्पा म्हणाले. “दुखनं तिचं, आन् अभ्यास आमी करायचा व्हय?”

पण पुस्तक म्हणजे विद्या, आणि विद्येला आप्पा नाही म्हणत नाहीत. घरी आल्यावर त्यांनी ते ट्रंकेतल्या लाल फडक्यात बांधलं आणि गोठ्यात पेंडीच्या पोत्यांमागं, उंच फळीवर ठेवलं. रुपालीला यातलं काही कळता कामा नये, असा त्यांचा हुकूम. “तिला वाटंल, हे माज्याशी पुस्तक बगून वागत्यात. पेटंल पोरगी.” मॅडमनी लपवा असं काही सांगितलं नव्हतं. पण आप्पांनी ठरवलं म्हणजे ठरलं.

झालं. गोठ्यात पारायण लागलं. सकाळी धारा काढून झाल्या, दूध डेअरीला गेलं, की आप्पा हातपाय धुऊन घोंगडीवर बसायचे. गोळ्यांमुळे रुपाली उशिरा उठायची, तेवढा वेळ यांचा. समोर मुक्ताबाई पदर घेऊन, आणि मागं दोन म्हशी आणि एक जर्सी गाय. रोज एक प्रकरण. त्याला ते अध्यायच म्हणायचे.

“आवो, मॅडम म्हनल्या हुत्या, अठरावं आधी वाचा म्हनून,” मुक्ताबाईनं पहिल्याच दिवशी सांगून पाहिलं.

“पोथी कुनी मधनंच उघडतं का?” आप्पा म्हणाले. “पयल्यापासनं जायाचं, आन् अध्याय अर्धा सोडायचा न्हाई. अर्ध्या अध्यायाचं फळ न्हाई मिळत.”

मुक्ताबाईचाही त्यावर विश्वास होताच. जन्मभर तिनं तेच पाहिलं होतं. पोथी चालू असताना कुणाचं मूल रडलं, कुणाकडं पाहुणा आला, तरी अध्याय पुरा झाल्याशिवाय कुणी उठलेलं तिच्या आठवणीत नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर गुण यायला लागला. पुस्तकात होतं, की माणूस कळवळत असताना ‘त्यात काय एवढं’ असं म्हणू नका, आधी त्याला किती लागलंय ते ओळखा. मुक्ताबाईचं तोंड तर ‘त्यात काय एवढं’ म्हणायला चोवीस तास तयार. पण एकदा रेश्मानं फोन घेतला नाही म्हणून रुपाली भिंतीकडं तोंड करून पडली होती, तेव्हा मुक्ताबाईनं ते शब्द गिळले आणि नुसतं विचारलं, “लई लागलं व्हय गं मनाला?”

रुपालीनं वळून आईकडं पाहिलं. “तू बरी हायस ना?” ती म्हणाली. पण उठून बसली, आणि चहा प्याली. मुक्ताबाईला वाटलं, आपण गड जिंकला.

आप्पांनीही करून पाहिलं. पण आप्पांचं सगळं छापील. रुपाली भाकरी करपली म्हणून चिडून तवा आपटत होती, तर हे दारात उभं राहून, सूर लावून म्हणाले, “तुला या क्षणी त्रास होत असेल, हे मी समजू शकतोऽ.” रुपाली हातातलं उलथणं तसंच धरून बघत राहिली. मग आईला म्हणाली, “आप्पांना ऊन लागलं का गं?” मुक्ताबाई पदरात तोंड घालून परड्यात पळाली. हसू आवरेना, आणि कितीतरी महिन्यांनी या घरात आपण हसलो म्हणून रडूही आवरेना.

असं बरं चाललेलं असताना माशी शिंकली. त्या गुरुवारी नगरला आप्पा तिच्याबरोबर जाणार होते. मॅडमनीच बोलावलं होतं, आणि रुपाली दोन दिवस आधीपासून विचारत होती, “येनार ना? नक्की?” हे ‘हो हो’ म्हणत होते. आणि नेमकं गुरुवारी सकाळी गाईचं पोट फुगलं. आप्पा गुरांच्या डॉक्टरला आणायला गेले ते तिकडंच अडकले. फोन घरी खुंटीवरच्या सदऱ्यात. रुपाली नटूनथटून, पर्स घेऊन ओट्यावर बसली होती. एसटी गेली तशी तिनं पर्स भिरकावून दिली. आप्पा दुपारी परत आले तर ही अंगणातच उभी.

“गाय मोठी, मी न्हाई! मी मेले असते तर बरं झालं असतं ना तुमाला? सुटला असता!”

आप्पांचा चेहरा पांढरा पडला. आणि मग त्यांनी तेच केलं जे जन्मभर केलं. तोंड मिटलं.

तो दिवस गेला, दुसरा गेला. जेवण समोर ठेवलं तर जेवायचे, नाहीतर उठून जायचे. रुपाली पहिल्या दिवशी ओरडली, दुसऱ्या दिवशी मागं मागं फिरली, “आप्पा, चुकलं माझं, बोला ना,” म्हणून पाया पडली. हे म्हशीला वैरण टाकत राहिले. मुक्ताबाईनं हात जोडले, तरी अळीमिळी गुपचिळी. पण गंमत बघा, पारायण मोडलं नाही! सकाळी गोठ्यात बसून तोच आवाज पुस्तक वाचायचा, आणि फडकं बांधलं की परत कुलूप. असा राग आला मुक्ताबाईला, की वाटलं ते पुस्तक म्हशीच्या पुढ्यात टाकावं.

तिसऱ्या दिवशी अठरावा अध्याय वाचता वाचता आप्पा मध्येच थांबले.

घसा खाकरतील, पाणी पितील, म्हणून मुक्ताबाई वाट बघत राहिली. आप्पांचे डोळे पानावर फिरत होते, ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. त्यांनी पुस्तक मिटलं, फडक्याला गाठ मारली आणि फळीवर ठेवलं.

“संपला?” तिनं विचारलं.

आप्पा टॉवेल खांद्यावर टाकून मळ्याकडं निघून गेले.

संपला नव्हता. इतकी वर्षं ऐकणाऱ्या बाईला तेवढं कळतं. वाक्याचा सूर वर जाऊन तसाच लोंबकळत राहिला होता. आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा अध्याय अर्धा सोडला होता. आणि ती घरात येते तर रुपाली बॅग भरत होती.

“सुप्याला चालले,” रुपाली म्हणाली. आवाज अगदी शांत. त्या शांतपणाचीच मुक्ताबाईला जास्त भीती वाटली. “अकराची एसटी हाय. रेश्माला सांगू नकोस. कुनालाच सांगू नकोस. या घरात माजी कुनाला गरज न्हाई.”

रागाच्या भरात, एकटी. मॅडमनी सांगितलेलं तेच समोर उभं होतं. मुक्ताबाईला काही सुचेना. रडावं, अडवावं, की दाराला कडी घालावी? कडी घालून बघितली होती मागं एकदा. काय झालं होतं ते आठवायलाही नको. आणि मग तिच्या मनात आलं ते फक्त तिच्याच मनात येऊ शकलं असतं. उपाय त्या उरलेल्या अर्ध्या अध्यायात असणार! तो पुरा होत नाही तोवर फळ कसं मिळणार? आप्पा तर वाचत नाहीत, आपल्याला येत नाही, आणि घरात वाचता येणारं तिसरं माणूस कोण? ती तशीच गोठ्यात गेली, फळीवरनं लाल फडकं काढलं आणि आणून लेकीच्या मांडीवर ठेवलं.

“जायाचं तर जा,” ती म्हणाली, “पन एवढा अध्याय पुरा करून दे मला. तुज्या आप्पांनी अर्धाच सोडला.”

रुपालीनं कपाळाला आठ्या घालून गाठ सोडली. आणि पुस्तकाचं नाव वाचलं.

तेव्हा कुठं मुक्ताबाईच्या डोक्यात लख्ख झालं, की आपण काय करून बसलो. पण हात पुढं करून पुस्तक ओढून घ्यायची हिंमत झाली नाही.

“हे कुनी दिलं?”

“मॅडमनी.”

“किती दिवस वाचताय?”

“लई दिस झाले.”

“गोठ्यात?”

मुक्ताबाईनं मान हलवली.

“म्हंजे माजी पोथी लावली तुमी,” रुपाली म्हणाली. तिचा आवाज चढायला लागला. “म्हशींनी ऐकली, गाईनं ऐकली. मी सोडून समद्यांनी ऐकली! तरीच म्हटलं, घरात समदी कशी पुस्तकासारखी बोलायला लागली. मला वाटलं, खरंच माया आली.”

“खरीच हाय गं बाई,” मुक्ताबाई म्हणाली. “माया हुतीच. बोलायचं कसं ते न्हवतं म्हाईत.”

रुपाली पुस्तक फेकणार असंच वाटलं. पण पुस्तकात आप्पांनी मोराचं पीस घालून ठेवलं होतं, ते पान आपोआप उघडलं. तिनं ते वर धरलं आणि आप्पांची नक्कल करत, सूर लावून, चिडवत सुरुवात केली. “काही घरांत रागावर उपाय म्हणून बोलणं बंद केलं जातंऽ. बोलणं बंद करणाऱ्याला वाटतं, आपण भांडण टाळलंऽ.” पुढच्या वाक्याला सूर गळून पडला. “ज्याच्याशी बोलणं बंद होतं त्याला वाटतं, आपण या घरात नाहीच. तो ओरडतो, वस्तू आपटतो, टोकाचं बोलतो. घरच्यांना तो उद्धटपणा वाटतो. पुष्कळदा तो एवढंच विचारत असतो, की मी तुम्हाला दिसतोय का?”

ती थांबली.

“दहावीच्या परीक्षेला आठवतंय तुला?” रुपाली खाली बघत म्हणाली. “मी जेवताना ताट आपटायचे. तू म्हनायचीस, अन्नावर राग काढू नको. मी राग न्हवते काढत आई. मला वाटायचं, आवाज झाला तर आप्पा वर बगतील. शिवी दिली तरी चालली असती मला. त्यांनी वर बगितलंच न्हाई.”

मुक्ताबाईच्या डोळ्यांना धार लागली. त्या ताटावरनं तिनंही लेकीला काय काय बोलून घेतलं होतं. तेव्हा तिच्या मनात एकच होतं, की पोरगी माजली.

तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. वीज गेल्यानं मोटार बंद पडली असणार, म्हणून आप्पा मळ्यातनं परत आले होते. दारात आले आणि त्यांना सगळं एकदम दिसलं. भरलेली बॅग, उघडलेलं लाल फडकं, लेकीच्या हातातलं पुस्तक आणि मोराचं पीस घातलेलं तेच पान. त्यांनी मान खाली घातली. वळले, आणि फाटकाकडं चालायला लागले.

गेले, मुक्ताबाईला वाटलं. आता हेही गेले आणि तीही गेली. रुपालीनं बॅगेचा पट्टा खांद्याला लावला.

फाटकापाशी आप्पा उभे राहिले. कडीवर हात ठेवून बराच वेळ उभे. मग परत आले, ओट्यावर बसले, आणि समोरच्या लिंबाच्या झाडाकडं बघत म्हणाले,

“मोटार बंद पडली.”

रुपाली बॅग घेऊन दाराकडं आली.

“लाइट गेली. दुपारशिवाय येत न्हाई आता.” आवाज पोथीचा नव्हता. चाल नाही, सूर नाही, सायकलची चेन उतरावी तसा अडखळणारा आवाज. “गाय बरी हाय. काल रवंथ करत हुती. डॉक्टर म्हनला, हिरवा घास कमी टाका. मी गुरुवारी… मी गुरुवारी फोन इसरलो. सदऱ्यात राह्यला. डॉक्टरच्या फोनवरनं लावला असता, पन नंबर पाठ न्हाई मला. कुनाचाच न्हाई. तुजा आता पाठ करतो.”

रुपाली उंबऱ्यात उभी होती. बॅग खांद्यालाच.

“तू म्हनलीस, मेले असते तर सुटला असता,” आप्पा बोलतच राहिले. अजून लिंबाकडंच बघत. “माज्या पायातला जीव गेला. काय बोलावं सुचंना. मला सुचत न्हाई गं. माजा बाप बोलायचा न्हाई, मला वाटलं बापानं असंच राहायचं असतं. शेजारच्या वाल्मिकनं नवा ट्रॅक्टर घेतला, बगितलास का? लाल हाय. लिंबं आलीत यंदा लई. तुला लिंबाचं लोनचं आवडतं ना? गोड, का तिखट? मला ते बी म्हाईत न्हाई. सांग की. पावसानं आपल्या बांधावरची ती बाभळ पडली बग, तू ल्हानपनी…”

असं ते बोलत सुटले. बाभळीवरनं विहिरीवर, विहिरीवरनं कुणाच्या तरी लग्नावर. कशाचा कशाला पत्ता नाही. एवढं सलग बोललेलं मुक्ताबाईनं लग्न झाल्यापासून ऐकलं नव्हतं. दम लागला होता त्यांना, कपाळावर घाम आला होता, तरी थांबायला तयार नाहीत. हमरस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला तसं ते आणखी मोठ्यानं, आणखी भराभर बोलायला लागले.

“बास की आप्पा आता,” रुपाली शेवटी म्हणाली. ती रडत होती की हसत होती, कोण जाणे. “किती बोलताय! पानी तरी प्या.”

आप्पांनी पहिल्यांदा मान वळवून तिच्याकडं बघितलं.

“बास म्हनू नगंस,” ते म्हणाले. “मी गप बसलो तर तू जाशील.”

रुपालीनं बॅग खांद्यावरनं काढली आणि ओट्यावर त्यांच्या शेजारी बसली.

“न्हाई जात,” ती म्हणाली. “मी हितंच हाय. आता बसा गप.”